स्थलांतरित कुटुंबातील मुलांचे नागरिकत्व : कायदा काय सांगतो?

बेंगळुरू : परदेशात स्थायिक होण्याचा निर्णय आई-वडील घेतात. मात्र त्या निर्णयाचे सर्वांत दूरगामी परिणाम मुलांच्या नागरिकत्वावर होतात. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२०, २०२३ मध्ये २ लाख १६ हजार २१९ आणि २०२४ मध्ये २ लाख ६ हजार ३७८ भारतीयांनी नागरिकत्व सोडले. माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे परदेशी जाणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांची बेंगळुरूमध्ये सतत ये-जा असते. त्यामुळे मुलांच्या नागरिकत्वाचे बहुतेक सर्व प्रश्न या शहरात पाहावयास मिळतात. मूल कोणत्या देशाचे नागरिक ठरते, भारतीय नागरिकत्व केव्हा संपते, ते परत मिळते काय आणि कोणत्या मुदती पाळाव्या लागतात, याची ही माहिती.

एकेरी नागरिकत्वाचे तत्त्व

भारतात दुहेरी नागरिकत्वाला मान्यता नाही. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारलेली व्यक्ती भारताची नागरिक राहणार नाही, हे तत्त्व राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ मध्ये आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ याच्या कलम ९ मध्ये तेच तत्त्व पुढील काळासाठी लागू करण्यात आले आहे.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करणे आवश्यक आहे. परदेशात नोकरी करणे, तेथे दीर्घकाळ राहणे किंवा कायम वास्तव्याचा परवाना मिळणे, यामुळे भारतीय नागरिकत्वाला बाधा येत नाही. अमेरिकेचे ग्रीन कार्ड मिळालेला बेंगळुरूचा अभियंता आणि त्याची भारतात जन्मलेली मुले ही भारताचीच नागरिक असतात. त्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले जाते, तेव्हाच खरा प्रश्न उभा राहतो.

जन्म भारतात झाला असल्यास

भारतात जन्मलेले प्रत्येक मूल भारतीय नागरिक असते, हा समज आता बरोबर नाही. जन्मतारखेनुसार तीन वेगवेगळे नियम लागू होतात.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांची अपत्ये यांसारखे मोजके अपवाद वगळता, जन्मानेच भारतीय नागरिक आहे. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय नागरिक असणे आवश्यक आहे. ३ डिसेंबर २००४ पासून नियम अधिक कडक झाला. आई-वडील दोघेही भारतीय नागरिक असले पाहिजेत, किंवा एक जण भारतीय नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसला पाहिजे.

या तिसऱ्या नियमाचा परिणाम परदेशातून परतलेल्या कुटुंबांवर होतो. आई भारतीय नागरिक आणि वडील अमेरिकेचे नागरिक असून ते भारतात कायदेशीररीत्या राहत असतील, तर बेंगळुरूमध्ये जन्मलेले त्यांचे मूल जन्माने भारतीय ठरते. मात्र आई-वडील दोघांनीही परकीय नागरिकत्व घेतले असेल, तर त्यांचे मूल भारताच्या भूमीवर जन्मूनही भारतीय ठरत नाही. दोघांकडे परदेशस्थ भारतीय नागरिक, अर्थात ओसीआय कार्ड असले तरी या स्थितीत फरक पडत नाही.

अशा मुलीचे एक प्रकरण २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आले. तिचा जन्म आंध्र प्रदेशात झाला होता. जन्माच्या वेळी आई-वडील दोघेही अमेरिकेचे नागरिक होते. पुढे उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याची वेळ आली तेव्हा तिच्याकडे कोणत्याच देशाचा पासपोर्ट नव्हता. जन्मानंतर लगेच आई-वडिलांच्या देशाच्या दूतावासात नोंद करण्याचे महत्त्व अशा प्रकरणांतून लक्षात येते.

जन्म परदेशात झाला असल्यास

भारतीय पालकांचे मूल परदेशात जन्मले तर ते वंशपरंपरेने भारतीय नागरिक होऊ शकते. १० डिसेंबर १९९२ पूर्वी यासाठी केवळ वडिलांचे नागरिकत्व विचारात घेतले जाई. त्या तारखेपासून आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक भारतीय नागरिक असले तरी चालते.

३ डिसेंबर २००४ पासून मात्र त्या देशातील भारतीय वाणिज्य दूतावासात जन्माची नोंद करणे बंधनकारक झाले आहे. ही नोंद जन्मापासून एक वर्षाच्या आत करावी लागते. मुदत उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी आवश्यक ठरते. नोंद करताना मुलाकडे अन्य कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही, असे प्रतिज्ञापन पालकांना लिहून द्यावे लागते.

आखाती देशांत काम करणाऱ्या कोकणातील, गोव्यातील आणि कर्नाटक किनारपट्टीवरील कुटुंबांच्या दृष्टीने ही नोंद विशेष महत्त्वाची आहे. संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार यांसारख्या देशांत केवळ तेथे जन्म झाला म्हणून परदेशी पालकांच्या मुलाला नागरिकत्व मिळत नाही. भारतीय दूतावासातील नोंदही राहिली, तर मुलाच्या हाती कोणत्याच देशाचे नागरिकत्व उरत नाही.

जन्मभूमीचा कायदा काय म्हणतो?

मूल परदेशात जन्मले म्हणजे ते त्या देशाचे नागरिक झाले, असेही समजू नये. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे.

अमेरिकेत १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे तेथे जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व देण्याची परंपरा आहे. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या पालकांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा आदेश तेथील राष्ट्राध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी काढला. त्याला न्यायालयांत आव्हान देण्यात आले आणि हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या दांपत्यांनी प्रसूतीपूर्वीच त्या वेळची कायदेशीर स्थिती तपासून घ्यावी.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून केवळ जन्म पुरेसा नाही. आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक अथवा कायम वास्तव्याचा हक्क मिळालेले असले पाहिजेत. तसा हक्क पुढे मिळाला तर मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करता येते. ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ पासून याच स्वरूपाचा नियम आहे. जर्मनीत आई किंवा वडील यांचे तेथील कायदेशीर वास्तव्य किती वर्षांचे आहे, याचा विचार होतो. ही अट २०२४ मध्ये आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणण्यात आली. जर्मनीने त्याच वर्षी अनेक नागरिकत्वांना मुभा दिली. परंतु भारताचा कायदा तशी मुभा देत नसल्याने भारतीय कुटुंबांपुढील निवड टळत नाही.

दोन नागरिकत्वांचा काळ आणि सहा महिन्यांची मुदत

भारतीय दांपत्याचे मूल अमेरिकेत जन्मले आणि त्याची भारतीय दूतावासातही नोंद झाली, तर अज्ञान वयात त्याला दोन्ही कायद्यांनुसार नागरिक मानले जाऊ शकते. कायद्याने ही स्थिती गृहीत धरली आहे, मात्र तिला मर्यादाही घातली आहे. कलम ४ नुसार वंशपरंपरेने भारतीय झालेले मूल अन्य देशाचेही नागरिक असेल, तर १८ वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने ते दुसरे नागरिकत्व सोडले पाहिजे. तसे न केल्यास भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. यासाठी वेगळी नोटीस मिळेल, अशी वाट पाहत राहू नये.

व्यवहारात या मार्गात अडचण येते. अमेरिकेच्या कायद्यानुसार तेथील नागरिकाने त्या देशात प्रवेश करताना आणि बाहेर पडताना अमेरिकेचाच पासपोर्ट वापरावयाचा असतो. भारतीय नोंदीसाठी तर अन्य पासपोर्ट नसल्याचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. त्यामुळे बहुतेक पालक मुलासाठी परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड हा पर्याय निवडतात. तो सोयीचा असला तरी त्यामुळे मूल भारताच्या दृष्टीने परदेशी नागरिक ठरते, याची जाणीव ठेवावी.

पालकांनी नागरिकत्व बदलल्यास

मूल बेंगळुरूमध्ये जन्मले, पालकांसह परदेशी गेले आणि काही वर्षांनी पालकांनी तेथील नागरिकत्व घेतले, तर मुलाचे काय होते? याचे उत्तर दोन देशांच्या कायद्यांवर अवलंबून आहे.

अमेरिकेत २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, १८ वर्षांखालील ग्रीन कार्डधारक मूल नागरिक झालेल्या आईच्या किंवा वडिलांच्या ताब्यात तेथे राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होते. त्यासाठी मुलाने शपथ घ्यावी लागत नाही. कॅनडात मात्र मुलासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणजे तेथे पालकांना निवडीची संधी असते.

भारतीय कायद्यात नागरिकत्व जाण्याचे दोन मार्ग वेगळे आहेत. कलम ८ नुसार सज्ञान नागरिक घोषणापत्र देऊन नागरिकत्वाचा त्याग करतो. अशा वेळी त्याच्या अज्ञान अपत्यांचेही नागरिकत्व संपते. मात्र त्या अपत्यांना कायद्याने एक हक्क दिला आहे. सज्ञान झाल्यानंतर एक वर्षाच्या आत घोषणापत्र दिल्यास ते पुन्हा भारतीय नागरिक होतात. कलम ९ नुसार परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याक्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप जाते. या कलमात अज्ञान अपत्यांचा उल्लेख नाही आणि त्यांना परत येण्याचा वेगळा हक्कही दिलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयामुळे हा फरक ठळक झाला. संबंधित तरुणाच्या आई-वडिलांनी त्याच्या जन्मापूर्वी, १९९८ मध्ये सिंगापूरचे नागरिकत्व घेतले होते. १९९९ मध्ये त्याचा जन्म सिंगापूरमध्ये झाला. सज्ञान झाल्यावर त्याने कलम ८ खालील हक्काचा आधार घेतला आणि मद्रास उच्च न्यायालयाने तो मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो निर्णय रद्द केला. पालकांचे नागरिकत्व कलम ८ खालील त्यागाने नव्हे, तर कलम ९ नुसार आपोआप गेले होते. त्यामुळे नागरिकत्व पुन्हा मिळविण्याची कलम ८ मधील तरतूद त्यांच्या अपत्याला लागू होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

बहुसंख्य स्थलांतरित आधी परकीय नागरिकत्व घेतात आणि त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करतात. या क्रमाने गेल्यास नागरिकत्व कलम ९ नुसार संपलेले असते. पासपोर्ट परत केल्याचे प्रमाणपत्र म्हणजे कलम ८ खालील त्याग नव्हे. मुलासाठी परतीचा मार्ग महत्त्वाचा वाटत असेल, तर नागरिकत्वाची शपथ घेण्यापूर्वीच कायदेतज्ज्ञाचा सल्ला घेणे हिताचे ठरते.

परदेशी पासपोर्टचे महत्त्वही येथे लक्षात घ्यावे. अन्य देशाचा पासपोर्ट घेणे हा त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा मानावा, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये या नियमाची वैधता मान्य केली होती. मुलासाठी परदेशी पासपोर्टचा अर्ज करणे ही केवळ प्रवासाची सोय नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

गोव्यातील कुटुंबे

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्या व्यक्तींना आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्यानुसार तेथील नागरिकत्वाचा मार्ग खुला राहिला. त्याचा लाभ घेऊन अनेक गोमंतकीय युरोपात गेले. ३ डिसेंबर २००४ नंतर गोव्यात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत, जन्माच्या वेळी आई आणि वडील यांपैकी एक जण भारतीय नागरिक होता काय, हा प्रश्न निर्णायक ठरतो. दोघांनीही त्यापूर्वी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल, तर मूल जन्माने भारतीय ठरत नाही. पासपोर्ट रद्द झालेल्या माजी गोमंतकीय नागरिकांना ओसीआय कार्डासाठी पासपोर्ट रद्द झाल्याचे प्रमाणपत्र सादर करण्याची मुभा केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये दिली.

ओसीआय कार्ड : काय मिळते, काय नाही

ओसीआय योजना २००५ च्या अखेरीस लागू झाली. पूर्वीची पीआयओ कार्ड योजना २०१५ मध्ये तिच्यात विलीन करण्यात आली. आई किंवा वडील भारतीय नागरिक असलेल्या परदेशी अज्ञान मुलालाही हे कार्ड मिळू शकते. आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणी पाकिस्तान अथवा बांगलादेशचे नागरिक असल्यास मात्र ते मिळत नाही.

कार्डधारकाला आजीवन व्हिसा मिळतो. भारतात कितीही काळ राहता येते आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागत नाही. परंतु मतदानाचा हक्क नसतो, घटनात्मक पदे भूषविता येत नाहीत आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन खरेदी करता येत नाही. गावाकडे वडिलोपार्जित शेती असलेल्या कुटुंबांनी या मुद्द्यावर स्वतंत्र सल्ला घ्यावा.

शिक्षणाच्या बाबतीत बेंगळुरूतील पालकांना मोठा बदल अनुभवावा लागला. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी ओसीआय विद्यार्थ्यांना भारतीय नागरिक विद्यार्थ्यांप्रमाणे वागवावे, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला होता. त्यानंतर ४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने अधिसूचना काढली. त्यानुसार वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षांमधून ओसीआय विद्यार्थ्यांना केवळ अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांसाठी पात्र ठरविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ही अधिसूचना पूर्वलक्षी प्रभावाने लागू होणार नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे ४ मार्च २०२१ पूर्वी कार्ड मिळालेल्यांना दिलासा मिळाला. त्यानंतरच्या मुलांसाठी नवा नियम लागू आहे. मूल पाळण्यात असताना घेतलेला निर्णय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात अशा रीतीने पुढे उभा राहतो.

परत येण्याचे मार्ग

परदेशी नागरिक झालेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व पुन्हा मिळण्यासाठी कलम ५ मध्ये नोंदणीचे काही मार्ग आहेत. भारतीय नागरिकांच्या अज्ञान अपत्यांसाठी नोंदणीची तरतूद आहे. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार कोणत्याही अज्ञान मुलाची नोंदणी करू शकते. सज्ञान व्यक्ती स्वतः किंवा तिचे आई-वडील यांपैकी कोणी एक पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असल्यास, अर्जापूर्वी सलग १२ महिने भारतात वास्तव्य करून तिला अर्ज करता येतो. पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असलेल्या सज्ञान व्यक्तीलाही १२ महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्जाची मुभा आहे. या सर्व मार्गांत परकीय नागरिकत्व सोडावेच लागते. अमेरिकेच्या कायद्यानुसार पालक मुलाच्या वतीने नागरिकत्वाचा त्याग करू शकत नाहीत.

दुसऱ्या देशाच्या कायद्यामुळे मुले कशी अडकतात, याचे उदाहरण कर्नाटक उच्च न्यायालयासमोर २०२३ मध्ये आले. आई भारतीय, वडील पाकिस्तानी आणि जन्म दुबईतला, अशी ही दोन मुले आईसोबत बेंगळुरूमध्ये राहण्यास आली होती. पाकिस्तानच्या कायद्यानुसार २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत नागरिकत्वाचा त्याग करता येत नाही. त्याग झाल्याशिवाय भारतीय नागरिकत्व देता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. प्रत्येक बालकाला नागरिकत्व मिळविण्याचा हक्क आहे, असे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचा भारताने १९९२ मध्ये स्वीकार केला आहे. परंतु दोन देशांचे कायदे परस्परांशी जुळत नसतील, तर तो हक्क प्रत्यक्षात येण्यास मोठा विलंब लागतो.

भारतीयच राहिलेल्या मुलांचा प्रश्न

नागरिकत्व न बदलणाऱ्या कुटुंबांपुढेही एक अडचण आहे. अमेरिकेत भारतीयांसाठी रोजगारावर आधारित ग्रीन कार्डची प्रतीक्षा फार लांबली आहे. एच-फोर व्हिसावर गेलेले मूल २१ वर्षांचे झाले की पालकांवर अवलंबून असल्याचा त्याचा दर्जा संपतो. २००२ च्या एका कायद्याने वयाच्या मोजणीत काही सवलत दिली असली तरी ती सर्वांना पुरेशी ठरत नाही. लहानपणापासून तेथे वाढलेल्या मुलाला मग विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो किंवा भारतात परतावे लागते. एकाच घरात थोरला भाऊ भारतीय आणि धाकटी बहीण अमेरिकन असल्यास दोघांचे भवितव्य वेगवेगळ्या दिशांना जाते.

पालकांनी लक्षात ठेवावयाच्या बाबी

१. भारतात जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला परदेशी जाण्यापूर्वीच घ्यावा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्ट काढताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो.

२. मुलाच्या जन्माच्या वेळी आपण दोघे कोणत्या देशाचे नागरिक होतो, याचे पुरावे जपून ठेवावेत. जुने पासपोर्ट आणि नागरिकत्व मिळाल्याच्या तारखेची कागदपत्रे पुढे निर्णायक ठरतात.

३. परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय दूतावासातील नोंद एक वर्षाच्या आत करावी.

४. अठराव्या वाढदिवसानंतरचे सहा महिने आणि एक वर्ष या दोन मुदती वेगवेगळ्या मुलांसाठी आहेत. आपल्या मुलाला कोणती लागू होते, हे वाढदिवसापूर्वीच निश्चित करावे.

५. परदेशी पासपोर्ट मिळाल्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरू नये. तो परत करून प्रमाणपत्र घ्यावे.

६. परदेशी पासपोर्टवर भारतात राहणाऱ्या मुलाकडे वैध व्हिसा किंवा ओसीआय कार्ड असले पाहिजे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसंबंधीचा नवा कायदा लागू झाला आहे.

बेंगळुरूमध्ये पासपोर्टसंबंधीची कामे कोरमंगला येथील प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. ओसीआय कार्ड आणि परदेशी नागरिकांची नोंदणी यासंबंधीचे काम परदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालय पाहते. नागरिकत्वासाठीचे अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून करता येतात.

मुलाचे नागरिकत्व ठरविणाऱ्या बहुतेक तारखा त्याला स्वतःचे मत मांडता येण्यापूर्वीच येऊन जातात. म्हणूनच घर, नोकरी आणि शाळा यांचा विचार करताना या तारखांचाही विचार व्हावयास हवा. सज्ञान झाल्यावर मुलाला जी निवड करता यावी असे आपणास वाटते, ती निवड त्याच्यासाठी शिल्लक राहील, एवढी काळजी पालक निश्चितच घेऊ शकतात.